उत्तम वाढईची सकाळची साखर

"बाबा, काही खाल्लं नाही ना?" असं परवा सकाळी सूनबाईनं विचारलं आणि मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र घेऊन उभी होती. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, की लगेच साखरेचा आकडा हजर. मला आता मधुमेह आहे. ज्या रोगावर जन्मभर पोट भरलं तोच म्हातारपणी घरी मुक्कामाला आला. पण मी खेकसलो तो रोगामुळे नाही, त्या प्रश्नामुळे. हा प्रश्न मी शेलूबाजारच्या दवाखान्यात इतक्या माणसांना विचारला आहे आणि त्याची अशी अशी उत्तरं ऐकली आहेत, की तो आता कोणी मलाच विचारला की माझं डोकं फिरतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही सगळे पत्त्यात अकोलाच लिहायचो. शेलूबाजारला एका डॉक्टरांनी दवाखाना काढला होता. माणूस अमरावतीचा, हुशार, तापट आणि मधुमेहाचं त्यांना भारी वेड. दवाखान्याला लागून सरकी-ढेपेचं एक जुनं गोदाम होतं. ते त्यांनी घेतलं, चुना मारला आणि तिथं मला बसवलं. मी धनजचा. नागपूरला रक्त-लघवी तपासायचा कोर्स करून आलो होतो. आमच्या घरातला पहिला पगारी माणूस. आई गावभर सांगायची की माझा प्रल्हाद दवाखान्यात साहेब आहे. शेलूबाजारची पोट्टी मला 'लघवीवाले साहेब' म्हणायची. दोन्ही खरंच होतं.

आता ते काम कसं चालायचं ते सांगतो, कारण हल्लीच्या लोकांना वाटतं साखर पहिल्यापासून यंत्रातच दिसत होती. लघवीची तपासणी सोपी. एक निळं औषध असतं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर बोलायलाच नको. रक्ताची तपासणी म्हणजे मात्र उरस्फोड. काचेची सिरिंज उकळा, बोथट झालेली सुई दगडावर घासून धारेला आणा, नस शोधा, रक्त काढा, त्यातला गाळ बसवा, गाळून घ्या, औषधं घाला, उकळत्या पाण्यात ठेवा, आणि मग जो रंग येईल तो यंत्रावर मोजा. मधेच लाईट गेली की यंत्र मुकं. आणि लाईट जायचीच.

एवढी खटपट करून आलेल्या आकड्याला अर्थ केव्हा? माणूस रात्रीच्या जेवणानंतर काहीही न खाता-पिता आला असेल तरच. सकाळची उपाशीपोटीची साखर हा सगळ्या उपचाराचा पाया. त्या आकड्यावरून डॉक्टर इन्सुलिन वाढवणार नाहीतर कमी करणार. आकडा चुकला की औषध चुकलं. हे मी प्रत्येकाला समजावून सांगायचो आणि प्रत्येक जण मान डोलवायचा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी हे असं व्हायचं.

"काही खाल्लं का?"

"नाही जी. सकाऊनपासून तोंडात दाना नाही."

"चहा?"

"चहा तं घेतला. चहा काय खानं हाय काय?"

"चहाबरोबर?"

"दोन टोस्ट. पन थे तं चहातच बुडवले ना."

यावर माणसानं काय करावं? ओरडलं तर म्हणायचे, लघवीवाले साहेब लय गरम डोक्याचे हायेत. न ओरडावं तर दुसऱ्या खेपेला टोस्टच्या जागी मुरमुरे.

बाटल्यांचं दुखणं वेगळंच. लघवी आणायला मी स्वच्छ धुतलेली बाटली सांगायचो. एक शाळामास्तर दर वेळी विटकरी रंग घेऊन यायचे. डॉक्टर चिंतेत, मास्तर चिंतेत, मास्तरीणबाईंनी त्यांचा भातही बंद केला. एकदा मी सहज बाटली नाकाला लावली तर खोकल्याच्या औषधाचा वास. बाटली संपली की मास्तर ती तशीच आणायचे, तळाच्या गोड चिकट औषधासकट. मी म्हटलं, मास्तर, ही धुतली का नाही? तर म्हणाले, "औषधाचीच बाटली होती ना, म्हणजे स्वच्छच."

आणि एक किराणा दुकानदार होता. तो वर्षभर पेढे खायचा आणि तपासणीच्या आधी तीन दिवस नुसता कारल्याचा रस प्यायचा. रिपोर्ट चांगला आला की दवाखान्यातच हात जोडून म्हणायचा, "पास झालो." मी डोक्याला हात लावायचो. बाबारे, ही काय परीक्षा आहे? मी काय पेपर तपासून राहिलो? तू मला फसवून तुझ्याच पायावर धोंडा मारून घेतो आहेस. पण नाही. आमच्या भागात तपासणी म्हणजे परीक्षाच. पास व्हायचं, मग ते कसंही. या समजुतीनं एका माणसाचा पाय जाता जाता राहिला, आणि त्या माणसानं तर कधी कारल्याचा रससुद्धा चोरून प्यायला नव्हता.

तो किन्हीराजाचा उत्तम. जातीनं आणि धंद्यानं सुतार, आमच्याकडे वाढई म्हणतात. वखर, तिफणी, बैलगाडीची चाकं, सगळं करायचा. आमचा वाढई जमिनीवर बसून काम करतो. लाकूड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचं आणि वाकसानं, म्हणजे त्या आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीनं, तासत जायचं. पात्याचा आणि अंगठ्याचा रोजचा शेजार. एक दिवस पातं डाव्या अंगठ्यावर बसलं. मधुमेहानं पायातली जाणीव आधीच गेलेली, त्यामुळे त्याला ते कळलंच नाही. लाकडाचे छिलके लाल का पडून राहिले म्हणून त्यानं खाली पाहिलं, तेव्हा समजलं.

जखम भरेना. अंगठा काळा पडू लागला. अकोल्याच्या सर्जननं पाहून सांगितलं की अंगठा काढावा लागेल, लवकर काढला तर पाय वाचेल. पण एवढ्या साखरेवर मी सुरी लावणार नाही, आधी सकाळची साखर आटोक्यात आणा. म्हणजे सगळा भार आला आमच्या गोदामावर. पाय गेला तर वाढई संपला. उभ्यानं करायचं काम त्याला येत नव्हतं आणि बसून करायला अंगठा नाही तरी पाऊल तरी हवंच.

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, सुई टोचायला त्याच्या बायकोला शिकवलं. निळं औषध आणि नळी घरी दिली. रोज सकाळी स्वतःच तपासायचं आणि आठवड्यातून एकदा रक्त द्यायला माझ्याकडे यायचं. उत्तमइतका नेमानं वागणारा पेशंट मी पाहिला नाही. चहा सोडला, गूळ सोडला, पंगतीत जाऊन नुसती भाजी खाऊन उठायचा. दर आठवड्याला पहिल्या एसटीनं यायचा, फडक्यात बांधलेला पाय सांभाळत बाकावर बसायचा.

"कसं काय उत्तमराव, रंग काय येतो?"

"निळा जी. रोज निळाच. कदी कदी जराकसा हिरवा."

आणि माझ्या नळीत रक्त काय सांगायचं? साखर जास्त. पुढच्या आठवड्यात आणखी जास्त. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. घरी निळा आणि माझ्याकडे हा डोंगर. दोन्ही एकदम खरं कसं असेल? डॉक्टर इन्सुलिन वाढवत गेले. मी चिडत गेलो.

"उत्तमराव, खरं सांगा. स्टँडवर काय खाता?"

"काईच नाही भाऊ."

"जिलबीवाला भट्टी पेटवून बसलेला असतो. वास येतो. माणूस आहे, होतं."

"माह्या मायची आन घेऊन सांगतो, भाऊ. पान्याचा थेंब नाही घेतला."

मायची शपथ घेतल्यावर पुढं काय बोलणार? पण विश्वास तर बसेना. एका सकाळी मी मुद्दाम स्टँडवर जाऊन चहाच्या टपरीआड उभा राहिलो. एसटी आली. उत्तम उतरला, लंगडत लंगडत जिलबीच्या दुकानापुढून गेला, मानसुद्धा वळवली नाही. सरळ माझ्या बाकावर. मी मागून धावत येऊन रक्त घेतलं. साखर मागच्यापेक्षा वर. त्या दिवशी मला कोणीतरी भिंतीवर डोकं आपटा म्हटलं असतं तर आपटलं असतं.

डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "प्रल्हाद, तुझं मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे, साहेब. माझं रक्त काढून लावलं, बरोबर येतं."

"मग औषधं जुनी असतील."

"नवी बाटली फोडली."

"मग तो खोटं बोलतो."

"साहेब, तो खोटं बोलत नाही."

"मग तू तरी खोटं बोलतोस किंवा मी तरी," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर इन्सुलिन आणखी वाढवलं.

दोन-चार दिवसांनी सकाळी दवाखान्यासमोर एक जीप थांबली. उत्तमला उचलून आणलं होतं. अंग घामानं निथळत होतं, डोळे उघडे पण ओळख नाही, जीभ लुळी. बायको रडत होती, बरोबरचे लोक म्हणत होते की बाहेरचं काही लागलं. डॉक्टरांनी हात लावला आणि मला हाक मारली. मी आधी रक्त काढून घेतलं, मग त्यांनी नसेतून ग्लुकोज दिलं. सिरिंज संपत आली तसा उत्तम इकडंतिकडं पाहू लागला. मग उठून बसला आणि म्हणाला, "मी इथं कसा काय?"

मी रक्त लावलं. साखर तळाला गेलेली. आणखी थोडा वेळ गेला असता तर माणूस गेला असता. डॉक्टर माझ्या खोलीत आले, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"परवा डोंगर, आज खड्डा. हे आपण करतो आहोत, प्रल्हाद. आपल्या औषधानं हा माणूस मरतो आहे." मग म्हणाले, "त्याला इथं बोलावू नकोस. तू जा. त्याच्या घरात, तो अंथरुणातून उठला की तिथंच रक्त घे."

गेलो. पहाटेच सायकल काढली, हँडलला सिरिंजचा डबा. किन्हीराजाला पोचलो तेव्हा उत्तम खाटेवर बसून माझी वाट पाहत होता. कोपऱ्यात अर्धवट तासलेलं चाक तसंच पडलेलं, त्यावर कोंबड्या. मी रक्त घेतलं, बाटली फडक्यात गुंडाळली आणि निघालो.

"थांबा जी, भाऊ," आतून आवाज आला.

उत्तमची माय. ठेंगणी, वाळलेली, डोईवरचा पदर घट्ट. हातात झाकलेली पितळी वाटी. म्हणाली, "चांगल्या कामाले चालले. असे सुदे नोका जाऊ, रिकाम्या हातानं. हात करा."

मी हात पुढं केला. तिनं चमचा भरला आणि माझ्या तळहातावर वरून सोडला, चांगला वीतभर उंचीवरून. ही उंची मला लहानपणापासून ठाऊक होती. आमच्या वस्तीतल्यांना पाणी असंच यायचं, प्रसाद असाच यायचा. पण तळहातावर काय पडलं ते पाहिलं आणि ती उंची-बिंची सगळं डोक्यातून गेलं. दही होतं. आणि दह्यावर साखर. चिमूटभर नाही. चमच्यावर शीग लावून साखर.

"माय," मी म्हटलं, "हे उत्तमरावलेही देता?"

"तं काय. दर खेपेले. तपासनीले चालला म्हन्ल्यावर देनार नाही तं काय?"

मी उत्तमकडे वळलो. माझा आवाज बहुतेक शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. "उत्तमराव! मी दर आठवड्याला तुमाले काय विचारतो?"

"काई खाल्लं का म्हून."

"मग?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. खोटं पकडल्यावर माणूस जसा पाहतो तसा नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. "भाऊ, थे काय खानं हाय? थे तं निंगतानीचं असते," तो म्हणाला.

आणि खरं तर मला तरी कुठं सुचलं होतं? आमच्या घरात छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतल्यावर देवघर गेलं आणि त्याबरोबर हे हातावरचं दहीही गेलं. पण शाळेत परीक्षेच्या दिवशी बाजूच्या बाकावरच्या पोरांच्या हातांना दह्याचा वास यायचा, तो मला आठवत होता की. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, "मागच्या आठवड्यात मी नागपूरला निघालो, तर माझ्या बायकोनं मलाही घातलं." बाहेर निघताना दही-साखर हातावर घेतलेली असते, ती चाटलेली असते, आणि तरी काही खाल्लेलं नसतं. असं आमचं सगळ्यांचंच डोकं.

पण एवढ्यावर भागलं नव्हतं. साखर आठवड्या-आठवड्याला चढत का गेली? मायनंच सांगितलं, अगदी अभिमानानं. पहिल्यांदा तिनं नेहमीसारखं जराशी साखर घातली. रिपोर्ट वाईट आला. तिला वाटलं, आपलाच हात आखडला. म्हणून पुढच्या वेळी जास्त घातली. रिपोर्ट आणखी वाईट. म्हणून आणखी जास्त. घरात चहा गुळाचा व्हायचा. कंट्रोलची, म्हणजे रेशनची साखर ती सुनेपासूनसुद्धा लपवून डब्यात ठेवायची, फक्त ह्या कामासाठी. पोराची तपासणी चांगली यावी म्हणून ती त्याला साखर चारत होती, आणि ती साखर पाहून आम्ही त्याला इन्सुलिन टोचत होतो. उरलेले सहा दिवस हातावर दही नाही, पण इन्सुलिन मात्र वाढलेलं. माणूस खड्ड्यात जाणार नाही तर काय?

मी तिथंच ओट्यावर बसून तिला समजावलं. चिडून, हात जोडून, सगळ्या तऱ्हांनी. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमचं खरं असन बाप्पा. पन मी त्याले सुदा नाही जाऊ देनार."

"काहून, माय?"

"याचा बाप कारंज्याच्या बाजारले गेला, तवा मी बाळंतीन होती. उठली नाही. त्याच्या हातावर काई घातलं नाही. नाल्याले पूर आल्ता. बैल आले वापस, गाडी आली. थो नाही आला." वाटीवर झाकण ठेवत ती म्हणाली, "तवापासून या घरातून कोनी सुदं नाही गेलं."

नागपूरच्या कोर्सात याला कुठला रंग येतो ते शिकवलं नव्हतं. मी वैतागून सायकल काढली.

तोडगा डॉक्टरांनीच काढला. उत्तमनं यायचंच नाही, दर आठवड्याला मीच जायचं. म्हणजे तो घरातून निघणार नाही आणि वाटीचा प्रश्न येणार नाही. सायकलनं चढावर चढाव, माझ्या पायाचे तुकडे. रक्त घेऊन निघालो की माय वाटी घेऊन दारात उभीच, कारण आता चांगल्या कामाला निघणारा मी होतो. दर खेपेला वरून सोडलेला तो चमचा. नको म्हटलं तर तोंड पाडायची, म्हणून निमूट खायचो आणि सायकलवर बसायचो. इन्सुलिन कमी केलं. सकाळची साखर जिथं हवी तिथं आली. डॉक्टरांनी अकोल्याला कळवलं. सर्जनचा निरोप आला की पेशंटला अमक्या दिवशी पहिल्या गाडीनं पाठवा, इथं आल्यावर आम्ही स्वतः रक्त पाहू आणि बरोबर असलं तर लगेच अंगठा काढू. उपाशीपोटी पाठवा. अंगठ्याचा काळेपणा आता पावलाकडे सरकत होता, यापुढे थांबण्यात अर्थ नव्हता.

पुन्हा तेच आलं. घरातून निघणार तो उत्तम. मी किन्हीराजाला गेलो आणि मायला एवढंच सांगितलं, "त्या दिवशी हातावर पडलं तर अकोल्याचे डॉक्टर वापस पाठवतीन. मग पाय जाईल." ती भाकरी थापत राहिली.

त्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी द्यायला मी शेलूबाजारच्या स्टँडवर गेलो, कारण अकोल्याची गाडी तिथून बदलायची. उत्तम होता, बायको होती, आणि माय होती. तिच्या हातात ती झाकलेली वाटी. मला पाहूनच संताप आला. इतकं सांगून, इतक्या वेळा जाऊन, ही बाई वाटी घेऊन स्टँडवर उभी. मी तिच्याकडे निघालो तेवढ्यात गाडी लागली. लोक चढू लागले. उत्तम पायरीशी गेला, वळला आणि त्याचा उजवा हात आपोआप पुढं आला, तळवा वर करून. जन्मभराची सवय. त्याच्याही ते ध्यानात नव्हतं.

मायनं वाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. बोटं पांढरी पडेपर्यंत धरली. झाकण काही उघडलं नाही. म्हणाली, "जाय बाप्पा. जाय." उत्तमनं आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, हात मागं घेतला आणि गाडीत चढला. गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी ती तशीच उभी.

ती किन्हीराजाला परत गेली नाही. माझ्या गोदामात आली आणि पेशंटच्या बाकावर बसली, वाटी मांडीवर. मी चहा मागवला, तिनं घेतला नाही. मी म्हटलं, "माय, घरी जा, निरोप आला की मी सायकलनं येतो." ती म्हणाली, "बसतो मी अशीच." पेशंट येत होते, मी विचारत होतो, काही खाल्लं का, ते नाही म्हणत होते, मी त्यांच्यावर ओरडत होतो, आणि ती वाटी माझ्या नजरेसमोर होती. त्या दिवशी मी सगळ्यांवर जरा जास्तच ओरडलो असेन. मला भीती वाटत होती. जर तिकडं काही झालं, तर या बाईला मी आयुष्यभर काय सांगणार? तिच्या लेखी तिनं नवऱ्यानंतर पोरालाही रिकाम्या हातानं पाठवलं होतं, आणि तसं पाठवायला मी सांगितलं होतं.

दुपार कलल्यावर अकोल्याहून डॉक्टरांना ट्रंक कॉल आला. ते स्वतः माझ्या खोलीत आले, बाकापुढं उकिडवे बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, अंगठा काढला. पाय राहिला. पोरगा बोलतोय." ती ऐकून उठली. वाटी पदराखाली घेतली आणि एसटी पकडायला निघून गेली. डॉक्टर म्हणाले, "रागावली का रे?" मी म्हटलं, "मले काय माहीत, साहेब."

जखम भरून टाके निघायला बरेच दिवस गेले. मग एका सकाळी पहिल्या एसटीनं उत्तम आला, काठी टेकत, पण दोन्ही पायांवर. डाव्या पायात त्यानं स्वतःच तासलेली लाकडी खडाव होती, अंगठ्याच्या जागी लाकडाचाच एक उंचवटा ठेवलेली. लाकूड दाबायला ती पुरते, असं तो म्हणाला. मागून माय. हातात वाटी.

मी म्हटलं, "माय, आता पुन्हा नका सुरू करू."

"तुमचं काम करा तुमी," ती म्हणाली.

मी विचारलं, "काही खाल्लं का?" उत्तमनं मायकडे पाहिलं. मायनं मान हलवली. मग तो म्हणाला, "नाही." त्या नोकरीत या प्रश्नाचं एवढं खात्रीचं उत्तर मला क्वचितच मिळालं असेल. मी रक्त घेतलं, सुई काढली, कापूस दाबला. तेव्हा मायनं झाकण उघडलं. उत्तमच्या हातावर नुसतं पांढरं दही घातलं, साखरेचा एक कणही नाही. मग पदराची गाठ सोडून त्यातली साखर चमच्यात भरली आणि माझ्याकडे वळली.

"त्या दिसचं राह्यलं होतं," ती म्हणाली. "दही त्याले दिलं. साखर त्याले चालत नाही. थे तुमी घ्या, भाऊ. हात करा."

मी हात पुढं केला. तिनं डाव्या हातानं माझा हात खालून धरला, आपल्या पोराचा धरतात तसा, आणि चमचा माझ्या तळव्यावर टेकवून रिकामा केला. तिचा हात खरबरीत आणि गरम होता. साखर भरपूर होती, दाताखाली करकरत होती. मी ती सगळी खाल्ली आणि हात न धुता तसाच पुढच्या पेशंटची नस शोधायला गेलो. दारातून डॉक्टरांनी पाहिलं आणि हात धुवायचं कळत नाही का म्हणून माझ्यावर जोरात ओरडले.